काळ्या रेषेतली भोकं

"पण हे काळं आहे का?"

मकरंद हसला. "मास्तर, याहून काळं आणखी काय असतं? प्रिंटर सगळ्यात गडदवर ठेवून काढलंय."

कराडच्या बाजारात तांबोळी मास्तरांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान आहे. मी माझा मिक्सर घेऊन तासभर तिथं ताटकळत होतो, म्हणून हे सगळं समोर घडलं. मकरंद मास्तरांच्याच हाताखाली सोल्डरिंग शिकलेला. पुण्यात इंजिनिअर झाल्यापासून त्यानं मास्तरांना काही विचारणं सोडलं होतं. आज आला होता तोही सल्ल्याला नाही, मास्तरांचा दिवा मागायला.

हातात पारदर्शक फिल्म, तिच्यावर सर्किटच्या काळ्या रेषा. ती उजेडानं बदलणारा लेप दिलेल्या तांब्याच्या पाटीवर ठेवायची आणि वरून दिवा लावायचा. काळ्याखालचं तांबं वाचतं. उजेड लागला तेवढं द्रावणात विरघळून जातं.

"सर्किट कशाचं?"

"अलार्मचं. साधंच आहे हो."

"कुणासाठी?"

मकरंदचा आवाज उतरला. "पप्पांच्या ऑक्सिजन मशीनचं... वीज गेली की बोंब मारायची, एवढंच काम. जुनं जळलं, नवीन कुठं मिळत नाही. आई चार दिवस उशापासून हललेली नाही. आपला डोळा लागला आणि नेमकी तेव्हाच वीज गेली तर, म्हणते..."

मास्तर उठले. दुकानाच्या दारात जाऊन त्यांनी फिल्म उजेडाकडे धरली.

"इकडं ये. भोंग्याकडं जाणारी रेघ कुठली?"

"ही. सगळ्यात बारीक."

"तिच्यावर बोट ठेव. आता सावकाश बघ."

मकरंदनं पाहिलं. त्याचा चेहरा पार पडला. रेघेत सुईनं टोचल्यासारखी भोकं होती. एक, दोन, पाच... प्रत्येकातून ऊन येत होतं. तेवढं तांबं जाणार, रेघ तुटणार आणि भोंगा गप्प बसणार, हे मला मिक्सरवाल्यालाही कळलं.

"मघाशी नव्हती ही भोकं!"

"मघाशी बघताना तुझे पप्पा डोळ्यांसमोर नव्हते."

तो पायरीवर बसला.

"मास्तर, मला भीती वाटतेय. माझ्या हातून नको. तुम्हीच करा."

"फिल्म किती काढल्यास?"

"दोन. पण दुसरीही तसलीच असणार."

"असू दे की. ठेव तिच्यावर."

"दोन्ही फुटक्या! काय उपयोग?"

"ठेव तर खरं, लेका."

मकरंदनं दुसरी फिल्म पहिलीवर ठेवली. कोपरे जुळेनात. तीनदा सरकली. चौथ्यांदा बसली, तशी त्यानं कडेला चिकटपट्टी लावली आणि उजेडाकडे धरली.

एका फिल्मचं भोक दुसरीच्या काळ्याखाली गेलं होतं. त्यानं बारीक रेघ या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. पुन्हा पाहिली. घाम पुसून आणखी एकदा.

"एकही नाही..." तो म्हणाला. मग ओरडलाच, "मास्तर, एकही नाही!"

मलाही हायसं वाटलं. मकरंदच्या चेहऱ्यावर रंग परतला होता. आता तो अगदी पुण्याच्या इंजिनिअरसारखा बोलला, "चला, सुटलो. द्या तो दिवा."

मास्तर जागचे हलले नाहीत.

"भीती गेली?"

"गेली की! आता कसली भीती?"

मास्तरांनी हात पुढे केला. केसाएवढी तार जोडताना तो हात कधी हललेला मी पाहिला नव्हता. आता थरथरत होता.

"मग आण ती इकडं. भीती असते त्यालाच भोकं दिसतात. आता मी बघतो."