मैदान उघडल्याचे आभार

"पण आभार मानले तर बिघडलं कुठं, भन्तेजी?"

भन्ते शीलरत्न विहारामागचं पाण्याचं टाकं घासत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"भन्तेजी, मी विचारतोय काहीतरी."

"ऐकू येतंय. बहिरा नाही झालो अजून."

विचारणारा भूपेश रामटेके. पिंपळधऱ्यातला तरुण वकील. लहानपणी याच विहारात वाचायला शिकला, आणि अजूनही मोठं काही करायचं झालं की आधी भन्तेंकडे यायचा. सल्ला घ्यायला नव्हे... 'छान' म्हणवून घ्यायला.

गावाच्या मधोमध एक मैदान होतं. कडुनिंबाची झाडं, थोडं गवत, बरीचशी माती. दिवेलागणीला सगळं गाव तिथं येऊन बसायचं. मागच्या वर्षी नगराध्यक्ष निंबेकरांनी त्याला कुंपण घातलं, लोखंडी फाटक लावलं आणि कुलूप ठोकलं. कारण विचारलं तर म्हणाले, शिस्त.

भूपेशनं अर्ज केले, धरणं धरलं. एक अख्खा दिवस पोलीस ठाण्याच्या बाकावर काढला. शेवटी फाटक उघडलं. रोज संध्याकाळी, दोन तास.

आता भूपेशला अध्यक्षांचा जाहीर सत्कार करायचा होता. शाल, श्रीफळ, मंडप. आणि शाल भन्तेंच्या हातून.

"मैदान कोणाचं?" भन्तेंनी विचारलं.

"गावाचं."

"उघडलं कोणी?"

"अध्यक्षांनी."

"बंद कोणी केलं होतं?"

भूपेशनं हात झटकला. मग म्हणाला, "भन्तेजी, तुम्ही प्रत्येक गोष्टीत असं करता. माणूस खूश झाला तर उद्या तासभर वाढवून मागता येईल. व्यवहार असतो हा."

"हं."

"हं म्हणजे काय? याल ना?"

भन्तेंनी काथ्याचा पुंजका पाण्यात बुडवला, पिळला आणि पुन्हा घासायला लागले.

"येईन."

*

रविवारी सकाळी मैदानात मंडप उभा राहिला. खुर्च्या लागल्या. लाउडस्पीकर गावभर खरखरायला लागला.

भन्ते छत्रीच्या आधारानं चालत आले, तेव्हा फाटकाबाहेर वस्तीतल्या बायका उभ्या होत्या. धुतलेली लुगडी, डोक्यात फुलं. सगळ्यांत पुढं म्हातारी गोपिकाबाई. धरणं चालू होतं तेव्हा रोज ऊन डोक्यावर घेऊन तीच पहिली येऊन बसायची.

"आत का नाही गेलात?" भन्तेंनी विचारलं.

"जाऊ देत नाई ना बाप्पा! मनते, तुमचा टाइम संध्याकाळचा हाय." गोपिकाबाईनं चौकीदाराकडं हात केला. "आमी तं आभार मानाले आलो. आभार मानाले बी टाइम लागते काय?"

चौकीदार ओशाळला. "माझ्या हातात काय आहे, भन्तेजी? साहेबांनी सांगितलंय, आमंत्रितच फक्त." त्यानं फाटक सताड उघडलं. "तुम्ही या ना."

"आणि या?"

"त्यांचं... संध्याकाळी."

भन्तेंनी उघड्या फाटकाकडं पाहिलं. आतल्या खुर्च्यांकडं पाहिलं. मग छत्री बाजूला ठेवली आणि रस्त्याच्या कडेला, धुळीत, बायकांच्या शेजारी बसले.

चौकीदारानं फाटक ओढून घेतलं.

"इथंच माही सासू उभी राहून मोळ्या इके," गोपिकाबाई म्हणाली. कोणाला उद्देशून म्हणाली ते कळलं नाही. "बाजाराच्या दिवशी. आत बसू देत नोहते आपल्याले. दिवसभर उभी... अन् घरी आली की तळपाय दाबून मागे."

बोलता बोलता ती भन्तेंशेजारी टेकली. मागोमाग बाकीच्या बायकाही बसल्या.

आत लाउडस्पीकरवरून त्यांचं नाव पुकारलं गेलं. एकदा. मग 'पूज्य' लावून पुन्हा एकदा. मग भूपेश पळत आला. अंगात नवं जाकीट, कपाळावर घाम.

"भन्तेजी! इथं काय बसलात? आत चला, सगळे थांबलेत."

"माझी वेळ झाली नाही अजून."

"कसली वेळ?"

"संध्याकाळची."

"ती तुम्हाला नाही हो लागू!"

"हो का? कोणाकोणाला लागू आहे?"

भूपेशनं बायकांकडं पाहिलं, चौकीदाराकडं पाहिलं. त्याला ठाऊक नव्हतं, हे खरं. पण आता ठाऊक झालं होतं, आणि मागं खुर्चीत अध्यक्ष घड्याळ बघत बसले होते.

"बोलतो मी त्यांच्याशी. नंतर बोलतो. आधी शाल घाला. पाच मिनिटांचं काम आहे."

"तू घाल."

"तुमचं नाव छापलंय पत्रिकेत!"

"मला विचारून छापलं असतंस, तर हेही विचारलं असतंस की कार्यक्रम कोणाच्या वेळेत ठेवायचा."

"येईन म्हणून सांगितलंत ना तुम्ही!"

"मग? आलो नाही का?"

भूपेशनं फाटकाचे गज दोन्ही हातांनी धरले. त्याचा आवाज चढला. "भन्तेजी, तुम्हाला कळत कसं नाही? वर्षभर जोडे झिजवले मी! पोलिसांच्या शिव्या खाल्ल्या! आता कुठं तो माणूस जरा नरम पडलाय. तो चिडला तर संध्याकाळचं मैदानही जाईल हातचं!"

रस्त्यावर कोणी हललं नाही.

भन्ते हळूच म्हणाले, "काय म्हणालास? पुन्हा म्हण."

"तो चिडला तर मैदानही..."

वाक्य अर्ध्यावरच तुटलं. मैदान गावाचं, असं त्यानंच सांगितलं होतं.

गज त्यानं अजून धरलेलेच होते. आत लाउडस्पीकरवर कोणीतरी म्हणत होतं की हे मैदान देणाऱ्या अध्यक्षांच्या दातृत्वाबद्दल गाव सदैव ऋणी राहील.

त्यानं गज सोडले. मग चौकीदाराला म्हणाला, "फाटक उघड. सगळ्यांना आत येऊ दे."

"साहेबांना विचारा आधी."

"मी सांगतोय."

"तुम्ही कोण, वकीलसाहेब?" चौकीदार उद्धट नव्हता. त्यानं खरंच विचारलं.

भूपेश बाहेर आला. जाकीट काढून हातावर टाकलं आणि गोपिकाबाईच्या शेजारी धुळीत बसला. तिनं सरकून जागा दिली.

आत अध्यक्षांनी काही वेळ वाट पाहिली. मग कोणीतरी घाईघाईनं शाल घातली, नारळ दिला, टाळ्या वाजल्या. त्यांची गाडी फाटकातून बाहेर पडताना बायकांना उठून बाजूला व्हावं लागलं. काच खाली झाली नाही.

त्या संध्याकाळी फाटक उघडलं नाही.

*

दुसऱ्या दिवसापासून गाव भूपेशवर तुटून पडलं. "दोन तास तरी मिळत होते. तुझ्या ताठ्यापायी तेही गेले." चहाच्या टपरीवर लोक त्याला बघून पाठ फिरवायला लागले. त्याच्या आईला नळावर दोन बायका बोलल्या. गोपिकाबाईची सूनसुद्धा म्हणाली, "आमची बुढी आता जाईन कुठं संध्याकाळी? घरात बसून माहं डोस्कं खाते."

भूपेश चिडून विहारात आला. "बघा, काय करून ठेवलंत!"

"मी काय केलं? मी बसलो होतो नुसता."

"मग आता काय करू?"

"वकील मी आहे का?"

भूपेशनं तणतणत घरी जाऊन कपाटातले कायद्याचे ग्रंथ काढले आणि कोर्टात गेला. या वेळी त्यानं वेळ मागितली नाही. मैदान मागितलं. तारखा पडत राहिल्या. उन्हाळा गेला, पावसाळा गेला. थंडी सुरू होता होता निकाल लागला की मैदान सार्वजनिक आहे, त्याला कुलूप घालण्याचा अधिकार कोणालाही नाही. नगरपरिषदेच्याच माणसांनी येऊन फाटक बिजागऱ्यांसकट उखडलं आणि ट्रॅक्टरमध्ये घालून नेलं.

लोक पुन्हा बसायला लागले. आठवड्याभरात असे बसायला लागले, जणू कधी उठलेच नव्हते.

आणि भूपेशचं डोकं फिरलं.

तो रोज संध्याकाळी मैदानात जायचा आणि एकेका घोळक्याला गाठून सांगायचा, "ही कोणाची मेहेरबानी नाही. हक्क आहे हा आपला. जाण ठेवा." लोक भुईमुगाच्या शेंगा फोडत मान डोलवायचे. तो पुढं सरकला की पुन्हा आपल्या गप्पांना लागायचे. पोरांच्या खेळात तो मधे उभा राहायचा आणि पोरं त्याला वळसा घालून पळायची.

एका संध्याकाळी तो भन्तेंना हाताला धरूनच घेऊन आला.

"बघा. तुम्हीच बघा, भन्तेजी."

भन्तेंनी बघितलं.

दोन मुली सायकल शिकत होत्या आणि तिसरी कॅरियर धरून मागून धावता धावता ओरडत होती. पत्त्यांच्या डावावर कोणीतरी कोणाला लबाड म्हणत होतं. एक बाप लेकाला खांद्यावर बसवून उगाच चकरा मारत होता. कडुनिंबाखाली गोपिकाबाई पदर तोंडावर घेऊन गाढ झोपली होती.

"दिसलं?" भूपेशनं विचारलं.

"दिसलं."

"एकाच्या तरी लक्षात आहे का, फाटक होतं ते?"

"नाही."

"एकालाही काही वाटतं का?"

भन्ते सायकलवाल्या मुलीकडं बघत होते. ती पडली, उठली, मागचीला दोन शिव्या हासडल्या आणि पुन्हा बसली.

"भन्तेजी, आभार मानायचे नाहीत म्हणालात, नाही मानले. लढ म्हणालात..."

"मी कधी म्हणालो?"

"बरं, नाही म्हणालात! पण लढलो ना मी? आणि या लोकांना बघा. कृतघ्न! झोपा काढतात, पत्ते कुटतात. उद्या कोणी पुन्हा कुंपण घातलं तर हे असेच बघत बसतील. मी एकटा डोळ्यांत तेल घालून पहारा देतोय."

"आधी तो चौकीदार होता," भन्ते म्हणाले. "आता तू."

भूपेशला ते लागलं. तो दोन पावलं दूर गेला. परत आला. आवाज खाली आला होता.

"मग मी करू काय, भन्तेजी? देणाऱ्याचे आभार मानायचे नाहीत, कारण ते त्याचं नव्हतंच. घेणाऱ्यांनी जाण ठेवावी म्हटलं, तर मी चौकीदार. पण मला आतून काहीतरी वाटतं हो. सकाळी इथून कोर्टात जाताना ते फाटक नसलेलं दिसतं, आणि मी उगाच तिथं थांबतो. ते कोणाला सांगू? आभार मानायचेच झाले... तर कोणाचे? आणि कसे?"

भन्तेंनी लांब श्वास सोडला. एकाच धड्यावर पोरगा पुन्हा पुन्हा अडखळला की मास्तर सोडतात, तसा. मग गुडघ्यांवर हात ठेवत ते सावकाश खाली बसले, गवतावर.

"बस."

भूपेश बसला. उकिडवा. काखेत फाईल, एक डोळा रस्त्यावर.

"बसलो. सांगा."

भन्तेंनी त्याच्याकडं पाहिलं. कपाळावर हात मारून घेतला.

"असं नव्हे रे, बाबा... पाय पसरून."