टिचकी, बाळ आणि मुंगळा

एक होतं चिंचेचं झाड. झाडावर राहायची वानरआई. वानरआईची एक लेक होती. तिचं नाव टिचकी.

टिचकीची एक जागा होती. आईच्या पोटाशी. मऊ मऊ. ऊन ऊन. आई उडी मारायची, टिचकी पोटाला घट्ट धरायची. आई चिंचा खायची, टिचकी पोटाशी झोपायची.

एक दिवस सकाळी टिचकी उठली. बघते तर काय, तिच्या जागेवर कुणीतरी होतं. एवढंसं. काळं काळं. कान गुलाबी.

"हे कोण?" टिचकीने विचारलं.

"बाळ," आई म्हणाली. "आपलं बाळ."

"ते माझ्या जागेवर बसलंय."

"ते लहान आहे ना," आई म्हणाली. "तू थांब हं जरा."

टिचकी थांबली. मावशी आली. "बाळ किती गोड," म्हणाली. आत्या आली. "बाळाचे कान किती गोड," म्हणाली. टिचकीकडे कुणी बघितलंच नाही. टिचकीला पण कान होते. तिने ते हलवून दाखवले. तरी कुणी बघितलं नाही.

टिचकी गाल फुगवून खाली उतरली. हुप टुप, हुप टुप.

झाडाखाली होता मुंगळा. टिचकी म्हणाली,

"बाळ पोटावरून उतरेना,
आई मला घेईना.
मुंगळेदादा, बाळाला चाव."

मुंगळा म्हणाला, "फुकट नाही चावणार. आधी गूळ दे, मग चावीन."

टिचकी निघाली. हुप टुप, हुप टुप.

जवळच होतं गुऱ्हाळ. तिथे उसाचा गूळ करतात. गुऱ्हाळात होती काहील. काहील म्हणजे गूळ शिजवायची भली मोठी कढई. टिचकी म्हणाली,

"मुंगळा बाळाला चावेना,
बाळ पोटावरून उतरेना,
आई मला घेईना.
काहीलकाकू, गूळ दे."

काहील म्हणाली, "अगं, माझं पोट रिकामं. आधी रस आण, मग गूळ देईन."

टिचकी निघाली. हुप टुप, हुप टुप.

पलीकडे होता चरक. चरक ऊस पिळतो. करकर करकर. पण आज तो गप्प होता. टिचकी म्हणाली,

"काहील गूळ देईना,
मुंगळा बाळाला चावेना,
बाळ पोटावरून उतरेना,
आई मला घेईना.
चरकआजोबा, रस गाळा."

चरक म्हणाला, "मी एकटा कसा फिरू, बाळ? आधी बैलाने मला फिरवलं पाहिजे, मग रस गाळीन."

"मला बाळ म्हणू नका," टिचकी म्हणाली. "बाळ तिकडे आहे."

आणि निघाली. हुप टुप, हुप टुप.

बैल बसला होता सावलीत. मान हलवत होता. घुंगरू वाजत होते. छुन छुन, छुन छुन. टिचकी म्हणाली,

"चरक रस गाळेना,
काहील गूळ देईना,
मुंगळा बाळाला चावेना,
बाळ पोटावरून उतरेना,
आई मला घेईना.
बैलमामा, चरक फिरव."

बैल म्हणाला, "माझ्या कानात बसली आहे गोचीड. चावते सारखी. आधी साळुंकीला ती टिपू दे, मग फिरवीन."

टिचकी निघाली. हुप टुप, हुप टुप.

आंब्याच्या ढोलीत होती साळुंकी. पिवळी चोच, पिवळे पाय. टिचकी म्हणाली,

"बैल चरक फिरवेना,
चरक रस गाळेना,
काहील गूळ देईना,
मुंगळा बाळाला चावेना,
बाळ पोटावरून उतरेना,
आई मला घेईना.
साळूमावशी, गोचीड टिप."

साळुंकी म्हणाली, "मी कशी येऊ? माझ्याखाली अंडी आहेत. मी उठले तर गार पडतील. आधी अंड्यांपाशी कुणीतरी बसू दे, मग येते."

टिचकीने इकडे बघितलं. कुणी नाही. तिने तिकडे बघितलं. कुणी नाही. आता सांगायचं तरी कुणाला? टिचकी स्वतःशीच म्हणाली,

"साळू गोचीड टिपेना,
बैल चरक फिरवेना,
चरक रस गाळेना,
काहील गूळ देईना,
मुंगळा बाळाला चावेना,
बाळ पोटावरून उतरेना,
आई मला घेईना."

मग म्हणाली, "साळूमावशी, मीच बसते."

"हात असा ठेव," साळुंकी म्हणाली. "दाबायचं नाही. हलायचं नाही."

साळुंकी उडाली. भुर्र.

टिचकीने ढोलीत हात घातला. तीन अंडी होती. निळी निळी. ऊन ऊन. टिचकी हलली नाही. तिच्या नाकावर माशी बसली, तरी हलली नाही.

तेवढ्यात आवाज आला. टिक. टिक. टिक.

एक अंडं फुटलं. आतून निघालं पिल्लू. डोळे मिटलेले. अंगावर पीस नाही. त्याने टिचकीकडे चोच उघडली. आ.

"मी तुझी आई नाही," टिचकी म्हणाली. "तुझी आई येईल आत्ता."

पिल्लाने चोच मिटली.

"तुला सांगून ठेवते," टिचकी हळूच म्हणाली. "अजून दोघं आहेत आत. ती निघाली की तुझी जागा जाणार."

पिल्लाला काही कळलं नाही. त्याने टिचकीच्या तळहातावर डोकं टेकलं. आणि झोपलं. टिचकीचा हात दुखायला लागला. तरी तिने तो काढला नाही.

भुर्र. साळुंकी आली. पिल्लू बघून तिची चोच उघडीच राहिली.

"टिचके, हात ऊन ठेवलास हो," ती म्हणाली. "जा आता. तुझं काम झालं."

खरंच झालं होतं.

साळुंकीने गोचीड टिपली. टिप.
बैलाने चरक फिरवला. छुन छुन, छुन छुन.
चरकाने रस गाळला. करकर करकर.
काहिलीने रस शिजवला. खुदखुद खुदखुद.
काहिलीने टिचकीला गूळ दिला. एक खडा.

टिचकीने गूळ नेला. हुप टुप, हुप टुप. वाटेत तिला वास आला. गोड वास. पण तिने गूळ चाटलासुद्धा नाही.

मुंगळ्याने गूळ खाल्ला. सगळा. मिश्या पुसल्या.

"चल," मुंगळा म्हणाला. "कुठंय बाळ?"

मुंगळा पुढे. टिचकी मागे. मुंगळा झाडावर चढला. तुरुतुरु, तुरुतुरु.

आईचा डोळा लागला होता. बाळ पण झोपलं होतं. टिचकीच्या जागेवर. त्याचा एक पाय बाहेर लोंबत होता.

"कुठे चावू?" मुंगळ्याने विचारलं.

"पायाला," टिचकी म्हणाली.

मुंगळा पायाजवळ गेला. टिचकी पण जवळ गेली. एवढासा पाय. एवढीशी बोटं. एक बोट हलत होतं. झोपेतच.

मुंगळ्याने तोंड उघडलं.

"थांब," टिचकी म्हणाली.

"का?"

"नको चावू."

"असं कसं?" मुंगळा म्हणाला. "मी गूळ खाल्लाय. फुकटचा खात नाही मी. आता कुणाला तरी चावायलाच हवं."

टिचकीने बाळाच्या पायावर आपला हात ठेवला. झाकून टाकला सगळा.

मुंगळा चावला. कच.

कुणाला? टिचकीला. बोटाला.

"आई गं," टिचकी रडायला लागली.

आई जागी झाली. एका हाताने तिने बाळाला धरलं. दुसऱ्या हाताने टिचकीला ओढलं. मांडीवर घेतलं. बोट तोंडात धरून चोखलं.

"कोण चावलं, बाई?"

"मुंगळा."

"इतक्या वर कसा आला तो?"

"मी आणला," टिचकी हुंदके देत म्हणाली. "बाळाला चावायला."

आईने बोट पुन्हा बघितलं. मग म्हणाली, "मग तुला कसा चावला?"

टिचकीने नाक ओढलं. "बाळाचा पाय फार लहान आहे," ती म्हणाली.

आई रागावली नाही. तिने टिचकीचे केस विंचरले. बोटांनी. कानामागे, मानेवर, पाठीवर. सकाळपासून ते कुणी केलंच नव्हतं.

"मी तुला हाकच मारली नाही ना आज," आई म्हणाली.

"नाही मारलीस."

"टिचकी," आई म्हणाली. "टिचकी, टिचकी, टिचकी."

टिचकीचं रडणं थांबलं.

"पोट बाळाला लागतं," आई म्हणाली. "त्याला बसता येत नाही. मांडी तुझी. आणि उद्यापासून पाठ तुझी. पाठीवरून लांबचं दिसतं."

"बाळाला पाठ द्यायची नाही," टिचकी म्हणाली.

"नाही देणार."

"शेपूट पण नाही."

"बरं."

तेवढ्यात बाळ उठलं. त्याने मूठ उघडली. मूठ मिटली. मुठीत आले टिचकीचे केस.

"सोड," टिचकी म्हणाली.

बाळ सोडेना.

"आई, हे बघ ना. सोडतच नाही मला."

"पडायची भीती वाटते त्याला," आई म्हणाली. "म्हणून धरलंय तुला."

टिचकी विचार करत बसली. मग जराशी सरकली. बाळाच्या बाजूला. म्हणजे मूठ ताणायला नको.

मुंगळा उतरला खाली,
आमची गोष्ट इथे झाली.