मागचा तानपुरा

"...आणि बंदिश म्हणजे रे?"

निळकंठबुवांनी सुपारी कातरता कातरता विचारलं.

शारंगधराच्या जिभेवर उत्तर तयारच. रागात आणि तालात बांधलेली रचना ती बंदिश. पहिला भाग स्थायी, दुसरा अंतरा. संथ लयीतला तो बडा ख्याल, जलद लयीतला छोटा. बुवांनी तराणा विचारला, ठुमरी विचारली. गडी कुठे म्हणून अडला नाही. आणि खरं सांगायचं तर नुसता पोपट नव्हता हो तो, गळाही तयार होता. रियाजाला बसला की शेजारच्या बायका हातातलं काम टाकून ऐकत.

परवा देवीच्या उत्सवात त्याला पहिल्यांदाच एकट्यानं गायचं होतं. पण बुवांनी हो म्हटल्याशिवाय त्यांचा शिष्य बैठकीवर चढत नसे, अशी तिथली रीत. त्या एका 'हो'साठी तो दुपारपासून बुवांपुढे मांडी घालून बसला होता.

"साथीला कोण?"

"तबल्याला दामूअण्णा, पेटीला सदुभाऊ. दोघांची नावं पुकारायला सांगितलीत."

"आणि तानपुऱ्याला?"

शारंगधर हसला. "धरेल कुणीतरी. तानपुरा काय साथीत मोडतो, बुवा? त्याचं नाव कोण पुकारतं?"

बोलून गेला आणि जुनं दुखणं वर आलं. वर्षानुवर्षं बुवांच्या पाठीमागे तानपुरा धरून हाच तर बसला होता. टाळ्या बुवांना, वाहवा तबल्याला, नारळ पेटीवाल्यालासुद्धा. याचं नाव कुणी एकदाही घेतलं नाही. मनाला लागलं होतं ते. आणि आता स्वतः पुढे बसायची वेळ आली, तर मागच्याचं नाव यालाही सुचलं नव्हतं. माणूस असाच असतो, काय करणार!

बुवांनी अडकित्ता खाली ठेवला. उठले. कोपऱ्यातला तानपुरा घेतला, तारा जुळवल्या आणि शारंगधराच्या पाठीमागे जाऊन बसले.

गुरू मागे आणि चेला पुढे... शारंगधर गडबडून उठायला लागला.

"बस. भीमपलास गा."

त्यानं षड्ज लावला.

तानपुरा त्याच्या रोजच्या हातातलाच होता. पण बुवांची बोटं तारांवरून फिरली आणि खोलीभर सूर भरला. शारंगधराला आवाज काढावाच लागेना. भरल्या नदीत नाव सोडून द्यावी तसा गळा आपसूक चालला. स्थायी झाली. आजवर गळ्याला न लागलेल्या जागा एकामागून एक लागत गेल्या. हे आपणच गातोय का, असं त्याला वाटलं.

अंतरा सुरू झाला. वरचा षड्ज आता लागणार, तोच तारा थांबल्या.

शारंगधरही थांबला.

...

"का रे थांबलास?"

"आपण थांबलात म्हणून..."

"मी कुठे साथीत होतो?"

शारंगधराला आजवरच्या बैठका आठवल्या. प्रत्येक बैठकीत पहिला सूर लावण्याआधी बुवा मान वळवून मागे बघत आणि मग डोळे मिटत. तारा उतरल्या की काय ते बघत असतील, असंच त्याला इतकी वर्षं वाटलं होतं. बुवा तारांकडे नव्हे, त्याच्याकडे बघत होते, हे त्याला आत्ता कळलं. लोक ज्यांच्या पायांवर डोकं ठेवायला येत, तो माणूस प्रत्येक वेळी याला विचारून मगच गात होता.

त्याचे डोळे भरून आले. तो वळला आणि बुवांच्या हातातल्या तानपुऱ्याला त्यानं हात घातला.

"बुवा, उत्सवात आपणच गा. मला मागेच बसू द्या. एवढंच मागतो."

बुवांनी तानपुरा सोडला नाही. बैठकीआधी बघत तसंच त्याच्याकडे बघितलं आणि मिटल्या तोंडानं हसले.

"मग परवा पुढे तूच बस," ते म्हणाले. "मागे मी आहे."