पंतोजींना न सुचलेली कथा

फार फार वर्षांपूर्वी, एका डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात एक पंतोजी होते. पिंपळाखाली त्यांची शाळा भरे. लाकडी पाटीवर बारीक धूळ पसरायची आणि तिच्यावर बोटानं अक्षरं काढायची, असा तेव्हाचा रिवाज होता.

पंतोजींच्या शाळेत धडा एकच. राजाच्या पणजोबांनी घोड्यावरून नदी कशी ओलांडली, ती दंतकथा. पंतोजी ती स्वतः लिहून देत आणि मुलं त्याच अक्षरांवर बोट फिरवून गिरवत. एक शब्द इकडचा तिकडे झालेला त्यांना खपत नसे. पोरांचं अक्षर वळणदार झालं, यात शंका नाही. पण त्या घोड्यापलीकडे त्यांच्या पाटीवर कधी काही उमटलं नाही.

मुलं मोठी झाली की राजाच्या नगरीला निघून जात. कथेतली नदी तिथेच होती ना! मागे वळून गावाकडे पाहावं, असं त्यांना काही वाटत नसे. सणासुदीला पंतोजी वाटेकडे डोळे लावून बसत. कोणी येत नसे. त्यांच्या घरीही दुसरं कोणी नव्हतं. एकट्यानं भाकरी थापायची, एकट्यानं खायची आणि भांडी घासताना स्वतःशीच दोन शब्द बोलायचे. लोक म्हणतात, एकटेपणाची सवय होते. पंतोजींना काही ती झाली नव्हती.

शाळेत एक धनगराची मुलगी होती. एके दिवशी ती म्हणाली, "पंतोजी, आपल्या डोंगराची कथा कधी लिहायची?"

"आपल्या डोंगराला कथा नाही."

"मग मी करते. डोंगर आधी धनगर होता. उन्हात मेंढरांना सावली मिळेना, म्हणून तोच वाढत वाढत आभाळाला टेकला." आणि पाटीवरची घोड्याची ओळ पुसून ती लिहायलासुद्धा लागली.

पंतोजींचं डोकं फिरलं. त्यांनी पाटी ओढून घेतली. "कथा थोरामोठ्यांच्या असतात. मेंढरं राखणाऱ्यांच्या नसतात. जा घरी."

मुलगी उठून गेली. दुसऱ्या दिवशी ती आली नाही आणि तिच्यापाठोपाठ बाकीच्या मुलांनीही येणं सोडलं. पंतोजी रोज पाट्या मांडत, धूळ सारखी करत आणि संध्याकाळी पाट्या तशाच उचलून ठेवत.

एकदा वेळ जाता जाईना, तेव्हा त्यांनी स्वतःच एक पाटी पुढे ओढली. म्हटलं, आपणही आपली कथा लिहून पाहावी. बोट टेकवलं, तर घोड्याचीच ओळ उमटली. पुसली. पुन्हा तीच. उभ्या जन्मातली आपली अशी एकही ओळ त्यांना सुचेना. पंतोजींना रडू कोसळलं. इतकी वर्षं आपण मुलांनाही आपल्यासारखंच रिकामं करून धाडलं, हे त्यांना तेव्हा कळलं.

ते तसेच उठून डोंगरावर गेले. मुलगी मेंढरांमागे होती.

"पोरी, मला माझी कथा लिहिता येत नाही. शिकवशील?"

मुलीनं पायानं खडे बाजूला केले आणि माती सपाट करून दिली. "त्यात काय अवघड आहे, पंतोजी? तुम्ही रोज काय करता, ते लिहा."

पंतोजींनी बराच वेळ विचार केला. मग मातीत लिहिलं, 'एक पंतोजी होता. तो वाट पाहत असे.'

"कुणाची?" मुलीनं विचारलं.

"तुमची," पंतोजी म्हणाले.

शाळा पुन्हा भरली. आता ज्यानं त्यानं आपापली कथा लिहायची. कुणी आपल्या विहिरीची लिहिली, कुणी लंगड्या बैलाची, कुणी भूत पाहून पळालेल्या मामाची. ही मुलंही मोठी होऊन पोटापाण्यासाठी गावाबाहेर गेली. पण ती परत येत. आपल्या लेकरांना हाताला धरून आणत आणि ती विहीर, तो डोंगर दाखवत.

घोडा गिरवून गेलेले मात्र कधीच आले नाहीत. पंतोजी शेवटच्या दिवसापर्यंत त्यांची वाट पाहत राहिले.

तात्पर्य: मुलांना थोरांच्या कथा जरूर ऐकवाव्यात, पण स्वतःची कथा त्यांची त्यांना लिहू द्यावी; कारण जिथे आपली कथा असते, तिथेच माणूस परत येतो.