मैनावतीची दोन पिल्लं

मैनावती हत्तीण गाभण नव्हतीच. ती नुसती जाडी झाली होती!

राजवैद्यांनी हे जाहीर केलं आणि तांबडगडात रडारड सुरू झाली. मैनावतीच्या पोटातल्या पिल्लात अर्ध्या गावाचे पैसे अडकले होते ना! शेजारच्या राजानं पिल्लाला लाख रुपये कबूल केले होते. म्हणून रायाजी महाराजांनी पिल्लू जन्मायच्या आधीच त्याचे हजार हिस्से पाडले आणि दहा रुपयाला एक असे विकायला काढले. हत्तीखान्याचे दारोगा अप्पाजीराव आणि फडणीस विसोबा यांना मात्र शंभर-शंभर हिस्से फुकट. स्वतःचा हिस्सा असला की हत्तिणीला जीव लावून सांभाळतील, असं महाराजांचं म्हणणं.

त्यांनी जीव लावला खरा, पण हिश्शांना. त्यांनी चक्क हत्तिणीचं डोहाळजेवण केलं. पाठीवर हिरवी झूल, सोंडेला मोगऱ्याचे गजरे. समोर दोन झाकलेल्या वाट्या, एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. मैनावतीनं पेढा खाल्ला, बर्फी खाल्ली आणि वर एक वाटीही गिळली.

"जुळं!" दारोगानं चौकात जाऊन सांगितलं. "एक नर, एक मादी!"

दहाचा हिस्सा संध्याकाळपर्यंत पन्नासाला गेला. त्याच संध्याकाळी दोघांनी आपले सगळे हिस्से विकून टाकले. दारोगानं त्या पैशात माडी चढवली. विसोबांनी दात सोन्याचे करून घेतले, आणि मग ते उगाचच हसत फिरू लागले.

दोन वर्षं गावानं वाट पाहिली. आणि आता ही चरबी!

सगळ्यात वाईट दशा झाली गोजराची. ती हत्तीखान्यात रोट थापायची. गल्लीतल्या झाडून साऱ्या बायका तिच्या दारात येऊन बसल्या होत्या.

"तूच म्हणालीस गोजराक्का, मैनावती दुप्पट रोट खाते, म्हणजे दोन जिवांची आहे."

"खात होतीच की! मला काय ठाऊक, मेली नुसती खादाड आहे म्हणून!"

पण बायकांपैकी हिनं कान टोचायचे पैसे घातलेले, तिनं छप्पर शाकारायचे, आणि घातले ते गोजराच्या शब्दावर. तिनं बायकांचे हिश्शांचे कागद मागून घेतले आणि उलटून पाहिले. प्रत्येक कागदामागं विकणाऱ्याची सही होती. कुठं अप्पाजीराव, कुठं विसोबा. गोजरानं कागद पदरात बांधले आणि तडक दरबार गाठून बायकांचे पैसे परत मागितले.

महाराज हट्टी. "झालेला सौदा मोडत नाही आम्ही. यांनी विकलं, त्यांनी घेतलं. आणि यांनी खोटं सांगितलं कशावरून? का हो अप्पाजीराव?"

"खोटं? आम्ही?" दारोगानं छातीवर हात ठेवला. "महाराज, पिल्लं पोटात होती. दोन होती. या तळहातावर लाथ बसलीय मला!"

"मलाही," विसोबा म्हणाले. "दुसऱ्या पिल्लाची."

महाराज गोजराकडे वळले. "ऐकलंस? आता या दोघांना खोटं म्हणायचं नाही. मी हुकूमही करणार नाही. तरी यांनी आपण होऊन पैसे परत करतो म्हणायला हवं. जमवून दाखव. नाहीतर बायकांचे पैसे तू फेडायचेस."

तेवढे फेडायचे तर गोजराला आणखी दोन जन्म रोट थापावे लागले असते. दरबारी तोंडावर उपरणं धरून हसायला लागले. गोजरानं दारोगाला वाकून मुजरा केला.

"यांना खोटं कोण म्हणेल, महाराज? मोठी माणसं. पिल्लं होती म्हणतात, म्हणजे होतीच. दोन होती म्हणतात, म्हणजे दोन. मी शब्दन् शब्द खरा मानते."

दारोगा खुशीत आला. "बाई समजूतदार आहे."

"फक्त एवढंच विचारायचंय," गोजरा म्हणाली. "पिल्लं गेली कुठं?"

दरबारातलं हसू थांबलं.

"पोटात होती, आता नाहीत. बाहेर आलेली कुणी पाहिली नाहीत. हत्तीखान्याच्या किल्ल्या दारोगासाहेबांकडे, पहाऱ्याची वही फडणीससाहेबांकडे. गेल्या साली माझा एक तवा हरवला, तर यांनी माझा तीन महिने पगार कापला. लाख-लाख रुपयांची दोन पिल्लं हरवली, महाराज. यांचं काय कापायचं?"

"पिल्लं!" महाराज सिंहासनावरून उठलेच. "अप्पाजी, माझी पिल्लं कुठायत? परस्पर विकलीस की काय? बोल, नाहीतर मैनावतीच्याच पायाखाली घालतो!"

दारोगानं लोटांगण घातलं. "नव्हती हो, महाराज! पिल्लं नव्हतीच!"

"तळहातावर लाथ बसली होती ना?"

"ती... तिच्या पोटात गुरगुरत होतं, महाराज. डोहाळजेवणाच्या आधीच माहुतानं सांगितलं होतं, गूळ कमी करा म्हणून!"

"एकही नव्हतं," विसोबा रडत म्हणाले. "अर्धंसुद्धा नव्हतं. आम्ही पैसे परत करतो, महाराज! गल्लीतल्या बायकांचे आधी, मग सगळ्यांचे. माडी विकतो!"

"माडी माझी आहे," दारोगा पडल्या पडल्या म्हणाला. "तू दात विक."

महाराजांना आधी ठसका लागला, मग हसू आलं. ते इतकं वाढलं की मुकुट काढून मांडीवर ठेवावा लागला. "गोजरा, हुकूम नाही, आरोप नाही, आणि दोघं आपण होऊन कबूल! आजपासून हत्तीखान्याची दारोगा तू. शिवाय बक्षीस म्हणून पुढच्या पिल्लाचे शंभर हिस्से तुला फुकट."

"दारोगाई घेते, महाराज," गोजरा पदर सावरत म्हणाली. "हिस्से राहू द्यात. त्यापेक्षा एक म्हैस द्या. गाभण आहे की नाही, ते माझं मी बघून घेते."