वाटेआधी बांधलेलं घर

फार फार मागची गोष्ट. राजा दूर कुठेतरी होता आणि गावं आपलं आपण भागवून घेत होती, त्या काळातली. लहानांनी ऐकावीच, पण मोठ्यांनी जरा जास्त कान देऊन ऐकावी, कारण हिच्यात चुकलेला माणूस काही पोर नव्हता, चांगला केस पिकलेला बाप्या होता. एक आधीच सांगून ठेवतो, ही गोष्ट सांगताना मला राग येतो. दर वेळी येतो. तुम्हाला आला तर तुम्हीही येऊ द्या.

एका गावात हैबती नावाचा सुतार होता. त्याच्या हातची बैलगाडी वर्षानुवर्षं कुरकुरत नसे. बाभळीचा ओंडका आणला की दोन पावसाळे वाळवायचा आणि मगच त्याला करवत लावायची, हा त्याचा नेम. ओल्या लाकडाची घाई करणाऱ्याला तो दारातून परत पाठवायचा. लाकडाच्या बाबतीत माणूस शहाणा होता. बाकीचं तुम्हाला दिसेलच.

त्याची बायको भिवरा, आणि त्यांची एकुलती एक लेक गोजरा. गोजराचं लग्न त्या वर्षीच्या हिवाळ्यात नदीपलीकडच्या गावात झालं. वऱ्हाड आलं तेव्हा व्याह्यांनी हैबतीच्या घरावरून एक नजर फिरवली. घर बाजारगल्लीत होतं. अर्ध्यात संसार, अर्ध्यात कामाची जागा, आणि दारात भुशाचा ढीग. व्याह्यांची ती नजर हैबतीच्या मनात रुतून बसली.

लग्नानंतरची पहिली नागपंचमी लेकीने माहेरी करायची, ही तिकडची रीत. झोके, फुगड्या, आईच्या हातचं खाणं, सगळं वर्ष मुली त्या दिवसावर काढतात. हैबतीने व्याह्यांना निरोप धाडला, “पंचमीला गोजराला घेऊन तुम्हीच या. नवं घर बघायला या.” तेव्हा नव्या घराचा एक दगडही बसलेला नव्हता.

पंचांनी त्याच्या कामावर खूश होऊन घर बांधायला गावाबाहेरचं टेकाड त्याला दिलं. जागा मोकळी होती, उंच होती, वारा छान यायचा. गाडीरस्ता आणि टेकाड यांच्यामध्ये तेवढं कोंडाजी नावाच्या शेतकऱ्याचं शेत होतं. उन्हाळा होता, पीक निघालेलं होतं, आणि मोकळ्या शेतातून कुणाचीही गाडी कुठूनही जात होती.

भिवरा डोंगरउतारावरच्या गावची. तिने टेकाडाला एक फेरी मारली आणि तिला काय ते कळलं.

“जागा चांगली आहे,” ती म्हणाली. “पण आधी जमीन तयार करू. वरच्या अंगाला चर खणू, म्हणजे पाणी बाजूने निघून जाईल. पुढच्या भरावाला दगडांचा आधार देऊ, माती धुमसाने ठोकून घट्ट करू, एक पावसाळा तिला बसू देऊ. आणि कोंडाजीभावजींकडे जाऊन वाट मागून घ्या. घर पुढच्या वर्षी बांधू.”

“पुढच्या वर्षी? आणि पंचमीचं काय?”

“पंचमी आहे त्या घरात करू. दारात गाडी येते, चूल आहे, मी आहे. गोजराला आणखी काय हवं?”

“वाट कशाला मागायची?” हैबती म्हणाला. “ही काय समोर आहे.”

“ही उन्हाळ्यापुरती आहे. पेरणी झाली की नाहीशी होईल.”

“कोंडाजी माझी वाट अडवेल? त्याची तिफण माझ्या हातची आहे. पेरायचं अवजार माझ्याकडून घेतो आणि मला वाट देणार नाही?”

“देतील हो. पण तुम्ही मागायला तर हवी.”

“मी कुणाच्या दारात मागायला जात नाही. लोक माझ्या दारात येतात.”

आता ऐका. त्या गावचा रिवाज साधा होता. ज्याला वाट हवी त्याने, म्हणजे ज्याची जागा त्यानेच, पेरणीआधी नारळ घेऊन शेतवाल्याकडे जायचं. दोघांनी बांधाने चालत जायचं, खुंट्या ठोकायच्या, आणि शेतवाल्याने गाडी जाईल एवढी पट्टी पेरायची नाही. पुढे त्या पट्टीवर मुरूम टाकून वाट पक्की करायची. गावात आजवर कुणी कुणाला नाही म्हटलेलं नव्हतं. एक नारळ आणि एका संध्याकाळचं चालणं. मला सांगा, यात कमीपणा कुठे आला? पण हैबतीला तो दिसला. काही माणसांना तो बरोबर तिथेच दिसतो जिथे नसतो.

“लाकूड दोन पावसाळे वाळवता,” भिवरा म्हणाली, “मग मातीला एक पावसाळा का देत नाही?”

“माती काय लाकूड आहे, वाकायला?” असं म्हणून तो हसला.

चार दिवसांत त्याने जुनं घर उतरवलं, त्याच्या तुळया आणि वासे नव्या घराला लागणार होते म्हणून. भिवरा भांड्याकुंड्यांसह गल्लीत उभी राहिली. तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली होती. पण लोक बघत होते म्हणून तिने ओठ आवळले आणि भांडी गाडीत भरली. मी तिच्या जागी असतो तर तिथेच त्याला दोन शब्द सुनावले असते.

टेकाडाचा वरचा उतार तोडून माती पुढे ढकलली आणि वरून गडी नाचवून ती सपाट केली. चर खणला नाही, दगड रचला नाही. चौथरा त्या सैल मातीवरच उभा राहिला. घर मात्र देखणं झालं, खोटं कशाला बोलू. चौकटीवर वेलबुट्टी, पोपट, मोर. गावातली माणसं मोकळ्या शेतातून येऊन बघून जायची आणि हैबती छपरावर बसून मान डोलवायचा.

वळवाच्या पावसाने ओल झाली होती. एके सकाळी कोंडाजी तिफण घेऊन शेतात उतरला. हैबती कौलं चढवत होता. तिफण सरळ गाडीच्या चाकोऱ्यांवरून गेली आणि मागे काळं, सारखं शेत राहिलं.

“आत्ता जा,” भिवरा खालून म्हणाली. “अजून अर्धं शेत राहिलंय. नारळ मी आणून ठेवलाय.”

“कौलं उघडी टाकून जाऊ? पाऊस डोक्यावर आलाय. उद्या बघतो.”

दुसऱ्या दिवशी शेत पुरं पेरून झालं होतं. त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. तो नारळ भिवराने फोडून भाजीत घातला.

पावसाळा लागला, बाजरी गुडघ्याला आली, मग कमरेला. टेकाडावर जायला उरला तो फक्त बांध, हातभर रुंद आणि शेवाळलेला. भिवरा त्यावरून डोक्यावर हंडा घेऊन ये-जा करायची आणि प्रत्येक खेपेला नवऱ्याच्या नावाने बोटं मोडायची. गावकऱ्यांनी गाड्या दुरुस्तीला आणणं बंद केलं. गाडी डोक्यावर घेऊन तर कुणी येणार नाही ना.

वरच्या अंगाचं पाणी चौथऱ्याखाली मुरू लागलं. पुढची माती दबली, चौकट एका बाजूला कलली आणि दार जमिनीला घासायला लागलं. हैबतीने रंधा घेतला आणि दाराची कड तासली. आठवड्याने पुन्हा घासलं, त्याने पुन्हा तासली. माती खचतेय हे काही तो बोलेना. दार मात्र बारीक होत चाललं.

“उद्या दार संपलं की काय तासाल?” भिवराने विचारलं. तो खाली पडलेल्या ढलप्या गोळा करू लागला.

पंचमी आली. भिवराने पुरणाची दिंडं वाफवली, परसातल्या झाडाला झोका बांधला. गोजराला दिवस गेल्याची बातमी पोचली होती. लेक आली की चार दिवस तिला उठू द्यायचं नाही, असं भिवराने ठरवलं होतं. ती सकाळपासून टेकाडाच्या कडेला उभी होती.

दुपारी पलीकडे गाडी आली आणि शेताच्या कडेला थांबली. व्याही खाली उतरले. इकडे बघितलं, तिकडे बघितलं. गाडी जरा पुढे घेतली तर एक चाक आसापर्यंत चिखलात गेलं. बैलांना मागे रेटून ते कसंबसं काढलं.

हैबती दारात उभा राहून हात हलवत होता. “या की. बांधाने चालत या. जवळच आहे.”

भिवराने दिंडं हळदीच्या पानात बांधली, पदर खोचला आणि बांधाने निघाली. दोनदा घसरली, एकदा पडली. उठून पुन्हा निघाली. गाडीशी पोचली तेव्हा ती चिखलाने भरली होती, पण पुरचुंडी तिने छातीशी धरून कोरडी ठेवली होती.

व्याही माणूस वाईट नव्हता. ते हळूच म्हणाले, “विहीणबाई, घर झकास आहे. पण सून माझी अवघडलेली आहे. त्या बांधावरून घसरली तर मी कुणाला तोंड दाखवू? नदीही चढायला लागलीय. आम्ही मागे फिरतो.”

एवढ्यात कोंडाजी तिथे आला. “माझ्या घरी उतरा,” तो म्हणाला. “घर हे काय, रस्त्यावरच आहे.”

“लेकीची पहिली पंचमी माहेरात असते,” व्याही म्हणाले. “शेजाऱ्याकडे नसते. रागावू नका.”

गोजराने गाडीतच बसून एक दिंड खाल्लं. डोळ्यांतलं पाणी तिने आईला दिसू दिलं नाही. “आई,” ती म्हणाली, “घर इथून छान दिसतंय गं.”  भिवराने लेकीचे पाय पुसले, खरं तर तिच्याच हाताचा चिखल त्यांना लागला होता. मग गाडी वळली.

गाडी दिसेनाशी झाल्यावर ती कोंडाजीकडे वळली. “भावजी, मी मागते. वाट द्या.”

“वहिनी, मी वाट कधी नाकारली?” कोंडाजीही चिडलेला होता. “हैबती येईल म्हणून पेरणी लांबवली. ओल निघून चालली तेव्हा पेरलं. ज्याला गरज त्याने बोलावं, म्हणून मीही हट्टाने गप्प बसलो, तेवढी माझी चूक. पण आता पीक उभं आहे. माझ्या पोरांच्या तोंडचं तुडवून वाट नाही देता येणार. पीक निघालं की त्याला पाठवा.”

यात खोटं काही नव्हतं. भिवरा परत टेकाडावर गेली. हैबती उंबऱ्यात बसला होता.

“थांबले का नाहीत?” त्याने विचारलं.

“तुम्ही कुणासाठी बांधलंत हे घर?” भिवरा म्हणाली. आवाज चढवला नाही तिने. “गोजरासाठी बांधलं असतंत, तर ती कशी येईल याचा विचार आधी केला असतात. तुम्ही व्याह्यांच्या नजरेसाठी बांधलंत. त्यांनी लांबून बघितलं, छान म्हणाले, गेले. झालं तुमचं काम. माझी लेक मात्र पंचमीला रस्त्यावरून परत गेली. हे मी विसरणार नाही, आणि तुम्हालाही विसरू देणार नाही.”

हैबतीने मान खाली घातली. 

त्या महिन्याच्या शेवटी पावसाची झड लागली. सैल भराव एका पहाटे खाली बसला आणि त्याच्यासोबत पुढची भिंत गेली. गावातली माणसं धावून आली, बांधावरून एकामागे एक. पण टेकू द्यायला दांडगं लाकूड हवं होतं, भरायला दगड हवा होता, आणि गाडी काही येऊ शकत नव्हती. रिकाम्या हातांनी माणसं उभी राहिली आणि त्यांच्यादेखत छपराचा पुढचा भाग कोसळला. दोघं नवराबायको वाचली एवढंच. तेव्हापासून ती कोंडाजीच्या गोठ्याशेजारच्या खोपीत राहू लागली.

बाजरी निघाली आणि हैबती नारळ घेऊन कोंडाजीच्या दारात गेला. कोंडाजीने त्याला आत बसवलं, गूळपाणी दिलं, आणि त्याच संध्याकाळी खुंट्या ठोकल्या. एका संध्याकाळचंच काम होतं, मी म्हटलं नव्हतं? मग वर चर खणला, दगड रचला, माती थराथराने ठोकली. वाटेवर मुरूम टाकायला भिवरा स्वतः पाट्या वाहत होती. पण घर आता पुढच्या पावसाळ्यानंतरच होणार होतं.

मुलीचं पहिलं बाळंतपण आईकडे व्हायचं, ही रीत. गोजराला आणायची कुठे? खोपीत? भिवराने विचारायलाही तोंड उघडलं नाही, आणि व्याह्यांनीही पाठवायचा विषय काढला नाही.

थंडीत एक दिवस नदीपलीकडून माणूस आला. भिवरा तेव्हा वाटेवर पाटी रिकामी करत होती. “मुलगी झाली,” तो म्हणाला. “दोघी सुखरूप आहेत. जरा अवघड गेलं. दोन दिवस आई, आई करत होती.”

भिवरा अर्ध्या झालेल्या वाटेवर मटकन बसली. हैबती जवळ आला. त्याने तिच्या खांद्याला हात लावायला हात पुढे केला आणि मागे घेतला.

“चुकलो गं मी,” तो म्हणाला.

“मला सांगू नका,” भिवरा म्हणाली. “जिने हाका मारल्या तिला सांगा.” आणि उठून तिने पुढची पाटी भरली.

पुढचा पावसाळा जाऊन घर झालं, आणि दारापर्यंत गाडीही गेली. पण आई आई म्हणून हाका मारलेले ते दोन दिवस कोणत्याच वाटेने परत आले नाहीत. भिवराचा राग पुरता कधी गेला नाही. तो जायला हवा होता असं मला वाटतही नाही.

तात्पर्य: आधी जमीन तयार करा, वाट मागून घ्या आणि मगच घर बांधा, कारण आपलं माणूस जिथे पोचू शकत नाही ते घर कितीही देखणं असलं तरी कामाचं नसतं.