पिवळ्या पिल्लाची कुंडी

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. बाग सांगलीची की मिरजेची, हे आता नक्की आठवत नाही. तिथे एका कुंडीत बिनकाट्यांच्या निवडुंगाचं कुटुंब नांदत होतं: हिरवी आई, तिला बिलगलेली हिरवी पिल्लं आणि एक सबंध पिवळं. बागेचे मालक दामूअण्णा येणाऱ्याजाणाऱ्याला फक्त पिवळंच दाखवत. “आमचं सोनं!”

पिवळं फुगलं. “आई, या हिरव्या गर्दीत माझा जीव घुसमटतो. मला वेगळं राहायचंय.”

“बाळा, पोटाचं काय करशील?”

“ऊन काय तुमच्याच मालकीचं आहे?”

थोरलं हिरवं पिल्लू म्हणालं, “जाऊ दे गं. जेवतं आपल्या ताटात आणि नावं आपल्यालाच ठेवतं.” आईने मात्र रसाचा शेवटचा घोट त्यालाच पाजला.

दामूअण्णांच्याही मनात पिवळ्याला वेगळं करायचंच होतं. त्यांनी पिवळं अलगद कापून नक्षीदार कुंडीत लावलं आणि सर्वांत चांगल्या उन्हात ठेवलं. त्याला मुळंसुद्धा फुटली. तरीही ते दिवसेंदिवस आक्रसत गेलं. “आई, ऊन एवढं आहे, मग भूक का भागत नाही?” समोरच्या कुंडीतल्या आईचा रस आता त्याच्यापर्यंत पोहोचत नव्हता. पावसाळ्याआधीच ते गेलं. दामूअण्णांनी दोष मातीला दिला.

पुढे कित्येक वर्षांनी मी वनस्पतिशास्त्राच्या एका बाईंकडून खात्री करून घेतली: उन्हात अन्न शिजवतो तो अंगातला हिरवा रंगच.